टेकवलेली बॅट
केलर, म्हणजे तळघर, आवरताना चामड्याच्या ग्लोव्हचा वास आला आणि मी पायरीवरच बसलो. जर्मनीत कार्ल्सरूहेला पीएचडी करत होतो तेव्हा दर रविवारी तिथल्या बेसबॉल संघाचे सामने बघायचो आणि कोणाला खेळवावं यावरून कोचचं डोकं खायचो. माझा सांगलीचा रूममेट त्या संघात राखीव होता. "त्याला घ्या, क्रिकेटवाला आहे," हे माझं हंगामभर चालू होतं. शेवटच्या सामन्यात कोचने कंटाळून त्याला घेतलं. त्याने चेंडू सणसणीत मारला, पण बॅट टाकलीच नाही. तशीच घेऊन पळाला आणि बेसवर पाय ठेवायचा सोडून, क्रीजमध्ये टेकवावी तशी लांबूनच बॅट टेकवून थांबला. आउट. सामना गेला. "आल्झो, मग याला घ्यायला सांगितलं कोणी?" माझ्या शेजारी बसणारा म्हातारा करवादला. "गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणालो. वळून बघतो तर रूममेट पाण्याची बाटली घ्यायला माझ्यामागेच उभा होता. ट्राममध्ये तो एवढंच म्हणाला, "भूक लागलीय रे." पुढच्या महिन्यात तो खोली सोडून गेला. ग्लोव्ह न्यायला विसरला, असं मी इतकी वर्षं धरून चाललोय.