ठाणेदारणीला घेऊन वणीपर्यंत

यवतमाळच्या स्टँडवरून आर्णीची एसटी सुटली तेव्हा तिच्यात बावन्न माणसं होती आणि त्यातली एकावन्न माझ्यापासून जमेल तितकी लांब बसली होती. माझ्या मांडीवर वेताची टोपली होती. टोपलीतून येणारा आवाज ऐकून पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले.

"काय भरलं हाये यात?" कंडक्टरनं दुरूनच विचारलं.

"मांजर."

"मांजर असं वरडते?"

"तिला शुगर आहे. डायबिटीस. दोन टाइम इंजेक्शन लागतं."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायाशी असलेल्या पिशवीकडे पाहिलं. "सकायपासून मीच भेटलो काय तुमाले?" एवढं बोलून तो पुढे गेला.

आता मी थापाड्या आहे, हे मी नाकारत नाही. चहाच्या टपरीवर तीस वर्षं मी समुद्राच्या गोष्टी सांगत आलो. पुरीची लाट आमच्या जिनिंगच्या (सरकी काढायच्या कारखान्याच्या) चिमणीएवढी असते आणि ती आली की नारळाची झाडं वाकून तिला वाट देतात, हे यवतमाळात लहान लेकरालाही माहीत आहे. सांगितलेलं मीच. समुद्र मात्र मी कधी पाहिलेला नव्हता. त्या वर्षी वणीहून पुरीला जाणारी एक यात्रेची बस मिळाली, आठ दिवसांची. गुपचूप जायचं, पाहून यायचं, म्हणजे पुढच्या थापा तरी अनुभवाच्या होतील. कुठं चाललो हे कुणाला सांगायची सोय नव्हती. बायको तीन महिन्यांपासून पुण्याला, सुनेच्या बाळंतपणात. प्रश्न एकच होता, ठाणेदारणीचा.

ठाणेदारीण म्हणजे माझं मांजर. वजनाला म्हैस, स्वभावाला तिच्या नावासारखी. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिची शुगर तपासली तेव्हा यंत्रानं आकडा दाखवायचं नाकारलं, आणि डॉक्टरांच्या हाताला सात टाके पडले. (बरं, तीन.) तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ खाणं झालं की तिला बारदान्यात आवळायची, कापसाच्या गाठीसारखी, फक्त मानगूट बाहेर, आणि टोचायचं. औषध दुधाळ रंगाचं, थंड राहिलं पाहिजे. त्या वर्षांत आमच्याकडे लाइट पाहुण्यासारखी यायची, म्हणून मी ती बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून एका लहान गाडग्यात ठेवायचो आणि गाडगं पिशवीत. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे. मी जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहणारा माणूस. वरून पांढराशुभ्र दिसणाऱ्या गाडीत आत ओला कापूस आणि धोंडे असतात हे तीस वर्षं पाहिलेलं. संशय हा माझा धंदाच होता. आता जिनिंग बंद पडलं होतं, धंदा तेवढा उरला होता.

आर्णीत माझा मावसभाऊ रामेश्वर, किराण्याचं दुकान. पहिला उमेदवार तोच. टोपली उघडताच ठाणेदारीण तेलाच्या डब्यांवरून थेट मापाच्या काट्यावर जाऊन बसली आणि रामेश्वरच्या धोतराची लुंगी केली.

"अबे दिगू, हे मांजर हाये का वाघ?"

"शुगरनं चिडचिड होते रे."

"मांजराले शुगर!" तो दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे वळला. "मांगच्या साली यानं सांगतलं का याच्या वावरात सात फुटाची काकडी झाली. याले तं वावरच नाही."

गिऱ्हाइकं हसली. रामेश्वरची बायको, सुमनवहिनी, तेवढ्या हसल्या नाहीत. त्या माझ्या पिशवीकडे पाहत होत्या.

"भाऊजी, त्या गाडग्यात काय हाये?"

"औषध आहे. हात लावू नका. माणसाच्या अंगात गेलं तर माणूस उठायचा नाही."

जेवायला त्यांनी पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी) आणि भाकर केली होती, वरून मूठभर सांभार (कोथिंबीर). तिखट इतकं की माझे डोळे नव्हे, चष्मा पाझरायला लागला. वाढता वाढता त्यांची चौकशी सुरू.

"जिनिंग सुरू झालं का?"

"नाही."

"अन् वैनी?"

"पुण्यातच. तीन महिने झाले."

"तीन महिने! अन् आता तुमी कुठी चालले?"

"काम आहे."

"कोनतं काम?"

"आहे एक. फक्त ठाणेदारणीची सोय लागली पाहिजे."

वहिनींनी वाढता हात थांबवला. माझ्या मनात पाल चुकचुकली. या बाईला पुरीचा वास लागला, मी ओळखलं. दुपारी डोळा लागला, उठून पाहतो तर गाडगं पिशवीच्या उजव्या बाजूला. मी ते डाव्या बाजूला ठेवलं होतं. पिशवीत यात्रेच्या बसची पावती होती! पावती जागेवर होती. बाटली उचलून पाहिली, भरलेली होती, दुधाळ होती. मी निश्चिंत झालो. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीतली सगळ्यात वाईट पारख ती.

रामेश्वरनं मांजर ठेवायला साफ नकार दिला. पण दुसऱ्या दिवशी मला सोडायला तो स्टँडपर्यंत आला. जन्मात कधी आला नव्हता. खिडकीची दांडी धरून म्हणाला, "पोचला का फोन कर. कोनतीबी गोष्ट अशीन तं मले सांग. एकटा राहू नोको." गाडी हलली तरी दांडी सोडेना. मी मनात म्हटलं, याला माझ्याकडून काहीतरी पाहिजे.

घाटंजीवरून पांढरकवड्याचा रस्ता. दोन्ही अंगांनी उपटायची राहिलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं), बोंडं वाळून काळी पडलेली. जंगल लागलं तसा सागवानाच्या पानगळीत पळस पेटला होता. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कापसाच्या गाड्यांपेक्षा कॅमेऱ्याच्या गाड्या जास्त फिरत. एका थांब्यावर तशाच एका गाडीतला शहरी माणूस खिडकीपाशी आला आणि अतिशय हळू आवाजात म्हणाला, "काका, घरी कोण कोण असतं?" मी टोपलीचं झाकण उचललं. तो गेला.

एरवी तिनं त्याच्या नाकावर नखानं सही केली असती. पण त्या वेळी ठाणेदारणीनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, प्रवासानं थकली.

पांढरकवड्याला हायवेवर गंगारामचा ढाबा. आम्ही एकाच जिनिंगमधले, तो वेळेवर शहाणा झाला. ट्रकवाल्यांच्या गर्दीत तो माझ्यासाठी हातातली कढई टाकून धावत आला आणि त्यानं मला मिठी मारली. गंगाराम! ज्यानं स्वतःच्या लग्नात बायकोचा हात धरायला आढेवेढे घेतले होते.

मग सुरू झाला एक विचित्र पाहुणचार. मी दाढीचं सामान मागितलं. "दाढी कायले करतं? चांगली दिसते." विहिरीवर आंघोळीला निघालो, तर विहिरीवर फळ्या टाकलेल्या आणि बादलीभर पाणी अंगणात तयार. पहाटे डबा घेऊन नाल्याकडे गेलो, तर वीस पावलांवर गंगाराम, स्वतःचा डबा घेऊन, मोठ्यानं भजन म्हणत. मी थांबलो की तो थांबे. मी खोकलो की भजन बंद.

"काहून मागे लागला बे?"

"कुठी? मी तं माया कामानं आलो."

दोन दिवसांत त्या माणसाला मी अकरा वेळा नाल्यावर जाताना पाहिलं. पुरीची बातमी आर्णीहून इथं फोननं आली आहे आणि हे सगळे मला रंगेहाथ धरून हसणार, यात मला तिळमात्र शंका उरली नाही. मीही तोंड उघडलं नाही. "आठ दिवसांचं काम आहे," एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बारदाना घेतला, तर ठाणेदारीण आपणहून मान खाली घालून बसली. सुई टोचली, हूं नाही की चूं नाही. पाणी मात्र प्यायली गंजभर (पातेलंभर).

"किती गरीब मांजर हाये बाप्पा!" गंगाराम म्हणाला. "राहू दे मायाजवळ. पन तू घ्याले येशीन न? तारीख सांग. मायी शपथ घे."

दोन दिवस आधी कुणी असं म्हणालं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. पण इतक्या सहज कुणी माल उचलत नाही, आणि इतकी गरीब ठाणेदारीण मी कधी पाहिली नव्हती. वरून जास्तच पांढरं दिसत होतं. मी टोपली उचलली आणि सकाळच्या गाडीनं मारेगाववरून वणीची वाट धरली.

वणीत माझी धाकटी बहीण कुसुम. मेहुणे कोळशाच्या खाणीत. तिथं झाडाची पानं झटकली तर खालचा माणूस बुक्का लावल्यासारखा दिसतो, आणि दोरीवरचा पांढरा सदरा सकाळचा संध्याकाळी वकिलाचा कोट होतो. कुसुमनं दार उघडलं आणि मला पाहून तिचे डोळे भरले. तेही मी संशयाच्या वहीत टिपून ठेवलं.

ठाणेदारीण टोपलीतून निघाली. चार पावलं चालली, मागचे पाय घोट्यांपर्यंत जमिनीला टेकवत, म्हाताऱ्या बाईनं सरकावं तशी. मग कुसुमच्या मांडीवर चढून डोळे मिटले.

"दादा, किती गुणी हाये रे! ठेवून जा हिले. निवांत ठेवून जा."

चार वाजता पुरीची बस. घड्याळात दोन. सगळं जमून आलं होतं. मी कुसुमला इंजेक्शन शिकवावं म्हणून बाटली काढली, औषध किती उरलं ते नीट दिसावं म्हणून अंगणात उन्हात धरली. आत बारीक बारीक गाठी तरंगत होत्या. मी हलवली. गाठी फिरल्या, विरघळल्या नाहीत. बुचाची पत्र्याची कडा कुणीतरी सांडशीनं उचकटून परत दाबलेली. बूच काढून नाकाशी नेलं.

ताक! माझ्या इन्सुलिनचं ताक झालं होतं.

"कुसुम, या बाटलीला कोण शिवलं?"

कुसुम रडायलाच लागली. "सुमनवैनीचा फोन आल्ता. ते म्हने दिगूभाऊजीच्या थैलीत जहराची बाटली हाये, अन् ते घरोघरी मांजर सोपवाले फिरून राह्यले. म्हनून वैनीनंच ओतून टाकली. पानी भरलं. रंग तसाच दिसावा म्हनून दूध टाकलं थेंबभर."

"अगं, ते मांजराचं औषध आहे! मी सांगितलं होतं त्यांना!"

"तू सांगतलं म्हनूनच तं कोनाले खरं वाटलं नाही, दादा."

तीन दिवस मी माझ्या हातानं ठाणेदारणीला दूधपाणी टोचत होतो. फडक्यात गुंडाळून तिला छातीशी धरलं आणि गुरांच्या दवाखान्याकडे पळालो. तिच्या मानेवर हात फिरवला, टोचल्या जागी सुपारीएवढ्या गाठी. श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास. कुसुम मागे धावत होती.

डॉक्टर एका बैलाच्या खुरात गुंतले होते. त्यांनी वर पाहिलं. "मांजराला इन्सुलिन? कुणी सांगितलं?" पण तपासलं, आणि चेहरा बदलला. सलाइन लावलं, गाठींसाठी वेगळं औषध दिलं. "नवी बाटली आणा. मी सांगेन तेवढंच द्यायचं. दोन दिवस इथून हलवायचं नाही. आणि आशा फार धरू नका."

औषधाच्या दुकानात पोरगेल्या मालकानं चिठ्ठी वाचली. "पेशंटचं नाव?"

"ठाणेदारीण."

त्यानं चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली आणि बाटली दिली.

चार वाजून गेले. दवाखान्याच्या पायरीवर कुसुमनं विचारलं, "दादा, तू कुठी चालला होता, खरं सांग."

"पुरीला. समुद्र पाहायला."

"तू तं चार खेपा गेलता न?"

"एकदाही नाही."

तिनं हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं. बहुतेक खरं किती, खोटं किती, याचा अंदाज घेत असावी. मग तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, कोळसा लागला होता म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर सलाइनची सुई काढायला वाकले आणि किंचाळले. ठाणेदारणीनं त्यांचा अंगठा दातात धरला होता, पुरा. मी त्यांच्या पाया पडलो, कुसुम ठाणेदारणीच्या. दवाखान्यातल्या सगळ्या माणसांना मी पेढे वाटले. बैलालाही एक दिला.

परतीला मी मुद्दाम आर्णीवरून आलो. वणीपासून शब्द घोकत होतो. सुमनवहिनी उंबऱ्यातच तांदूळ निवडत होत्या.

"वहिनी, तुमच्यामुळं माझं मांजर मरत होतं!"

"मेलं का?"

"नाही."

"अन् तुमी?"

"मी कायले मरू?"

"मंग झालं तं." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. आवाज खाली आला. "माया भाऊ गेला, तवा त्याची थैली म्याच भरून देल्ली होती. बाटली दिसली होती मले. फवाऱ्याची अशीन म्हटलं. इचारलं नाई. आता मी कोनाले इचारतच नाई भाऊजी, पयले ओतून टाकतो."

तसलं काही माझ्या मनात नव्हतं, हे त्यांना शपथेवर सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की त्या तीन महिन्यांत मला कुणी विचारलंच नव्हतं. मीही स्वतःला नाही.

वहिनींनी पिशवी स्वतःकडे ओढली आणि माझ्यासमोरच एकेक वस्तू जमिनीवर मांडली. टॉवेल, सुया, गाडगं. नवी बाटली उन्हाकडे धरली.

"हे काय?"

"मांजराचं इन्सुलिन."

"खरं?"

"खरं."

"दाखवा मले कसं देते ते."

मी बारदाना आवळला. ठाणेदारणीनं त्यांच्या मनगटावर चार रेघा ओढल्या. वहिनींनी सुई सोडली नाही. नंतरच्या वर्षी मी खरोखरच पुरीला गेलो, तेव्हा आठ दिवस ती त्यांच्याकडेच राहिली.

हल्ली कुठंही जायचं असलं, अगदी उलट्या दिशेला नागपूरला, तरी मी आधी आर्णीला जातो. रामेश्वर मला खुळा म्हणतो. वहिनी काही बोलत नाहीत, चहा ठेवतात आणि पिशवी ओढून घेतात. तिची चेन मी घरूनच उघडी ठेवतो. ती फार घट्ट आहे, वहिनींची नखं मोडतात.