अकरा आठवड्यांचा झेंडा

आमच्या प्राचार्यांना 'मेजर मॅडम' म्हणावं लागतं. नुसतं 'मॅडम' म्हटलं की त्यांना ऐकू येत नाही. घाटनांदूरच्या मन्मथप्पा किराणावाल्यांची ही रोहिणी. बावीस वर्षं लष्करी इस्पितळांत नर्स म्हणून काढली आणि चार वर्षांपूर्वी बीडला आमचं कॉलेज सुधारायला आली. पोलिसांच्या आणि जवानांच्या मुलींसाठी काढलेलं हे नर्सिंग कॉलेज तेव्हा नावापुरतंच होतं. मुली दिवसभराचा ताप सकाळीच तक्त्यात भरून मोकळ्या व्हायच्या आणि मी, त्यांची शिक्षिका, खाली सही ठोकायचे.

मॅडमनी ते मोडून काढलं. इस्पितळात पाळी बदलताना प्रत्येक खाटेशी उभं राहून पेशंट सोपवायचा. मुलींच्या सहा-सहांच्या तुकड्या केल्या. चूक झाली, होता होता राहिली, तरी चिठ्ठी लिहून शिक्षिकेकडे द्यायची आणि त्यावरून कुणी ओरडायचं नाही. इथवर सोन्यासारखं होतं. पण फौजेची सवय सुटते थोडीच? शनिवारी ज्या तुकडीची एकही चिठ्ठी नसेल, तिला झेंडा.

मला हे खटकलं होतं. बोलले नाही, कारण झेंडा माझ्याच तुकडीकडे होता. सलग अकरा आठवडे. विश्वस्त पाहुण्यांना आणून तो दाखवायचे आणि मी पदर सावरून शेजारी उभी राहायचे.

दहाव्या आठवड्यात तुकडीतल्या एका मुलीनं मला चिठ्ठी दिली. सहा नंबरच्या खाटेचं इंजेक्शन ती सातला देणार होती, कारण दोन्ही ट्रे शेजारी होते आणि तिनं नाव विचारलं नव्हतं. 'दिलं तर नाहीस ना?' मी म्हणाले आणि चिठ्ठी फाडली. ती चिठ्ठी मॅडमकडे गेली असती, तर मॅडमनी त्याच दिवशी ट्रे वेगळे केले असते.

बाराव्या आठवड्यात बुधवारी सकाळी संस्कृतीनं सहाचं इन्सुलिन सातला दिलं. संस्कृती म्हणजे तेलगावच्या हनुमान हवालदारांची मुलगी, माझ्याच तुकडीत सगळ्यांत हुशार. सातवर बंकट आजोबा होते, त्यांना साखरेचा आजारच नव्हता. चूक तिला लगेच कळली. कुणाला न सांगता ती त्यांना साखरपाणी पाजत बसली. आजोबा पेंगले. तिला वाटलं, झोपले. दीड तासानं डॉक्टर फेरीला आले, तेव्हा साखर पार उतरून आजोबा हलवूनही उठेनात.

आजोबा वाचले. पण आता सुनेकडे बघतात आणि तिचं नाव त्यांना सापडत नाही.

संध्याकाळी मॅडमनी संस्कृतीला समोर बसवलं. एरवी पुस्तकी बोलणाऱ्या मॅडमच्या तोंडात एकदम घाटनांदूर आलं.

"कावून सांगितलं न्हाईस गं?"

"झेंडा गेला असता, मेजर मॅडम," संस्कृती म्हणाली. "आमी अकरा आठवडे राखला होता."

मला मॅडमची दया आली आणि स्वतःची किळस.

विश्वस्तांचं म्हणणं सरळ होतं, मुलीला काढा आणि बोभाटा होऊ देऊ नका. मॅडमनी आजोबांच्या घरच्यांना बोलावून सगळं खरं सांगितलं. अहवालात लिहिलं, 'दोष पद्धतीचा आणि पद्धत माझी.' विश्वस्त म्हणाले, मग मुलगी राहील, तुम्ही जा. मॅडमनी राजीनामा दिला.

शनिवारी हजेरीला त्यांनी झेंडा उतरवला, घडी केली आणि फळ्यावर स्वतःची चिठ्ठी लिहिली: 'चुका नसण्याला बक्षीस दिलं. रोहिणी.' खडू खाली ठेवला.

"आणखी कुणाचं काही हाय का?"

साठ मुली रांगेत उभ्या होत्या. संस्कृतीची मान खाली. मी पुढे गेले. खडू उचलला आणि त्या चिठ्ठीची तारीख लिहिली, खाट सहा, खाट सात, 'चिठ्ठी मिळाली होती, मी फाडली. योगिता.'

मॅडमनी ते दोनदा वाचलं. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"कावून फाडलीस गं, योगिता?"

उत्तर सगळ्यांना आधीच माहीत होतं. तरी मला ते मुलींसमोर मोठ्यानं म्हणावं लागलं.

"झेंडा गेला असता, मेजर मॅडम."