बिरजाबाईच्या खिचडीची चव

बिरजाबाईच्या खिचडीची चव मला माहीत नाही.

मागच्या वर्षी ती गेली त्या दिवशी मी इथेच लिहिलं होतं, "तिच्या हातच्या खिचडीची चव अजून जिभेवर आहे."

ते खोटं होतं.

खूप जणांनी पोस्टखाली हात जोडले. मी प्रत्येकाला उत्तरही दिलं. तिला जाऊन आज वर्ष झालं, म्हणून आधी ते वाक्य मागे घेते.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सालेकसा तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत बिरजाबाई मुलांची खिचडी शिजवायची. २००८ ला मी तिथे शिक्षिका म्हणून गेले. पहिलीत अकरा मुलं, सगळी घरी गोंडी बोलणारी. मी मराठीत विचारायची, मुलं खिडकीबाहेर बघायची.

माझ्या घरी पोवारी, गोंदियाच्या बाजारात हिंदी, पुस्तकात मराठी. गोंडीचा एक शब्द येत नव्हता.

मधल्या सुट्टीत मी वही घेऊन बिरजाबाईच्या चुलीजवळ जाऊन बसले. "बाई, मला शिकवाल?"

"वही ठेवा पयले," ती म्हणाली. "अन् हे लाकडं सरकवा."

येर म्हणजे पाणी. गाटो म्हणजे भात, जेवण. काम करता करता ती एकेक शब्द द्यायची. मी लिहायला लागले की चिडायची. "कागदाले शिकवून राहिलो का मी, का तुमाले?"

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "तुमी किती देवाचे?"

मला कळेना. मग तिनेच समजावलं. कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा, सात. सारख्या देवांची घरं म्हणजे भावंडं, त्यांच्यात लग्न होत नाही. समोरचा किती देवांचा हे कळलं की तो आपला कोण लागतो ते कळतं. मग त्याला हाक मारता येते.

"आमच्यात तसं नसतं, बाई."

"मंग हाक कसी मारू?" तिने जरा विचार केला. "जाऊ द्या. पोरगीच समजतो."

तेव्हापासून मी गोंडीत पोरगी होते आणि मराठीत मॅडम.

दिवाळीपर्यंत पहिलीची मुलं माझ्याशी बोलायला लागली. एकीने तर माझी तक्रार माझ्याकडेच केली.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

मुलांना वाढायच्या आधी शिक्षकाने खिचडी चाखायची आणि चव रजिस्टरमध्ये लिहून सही करायची, असा नियम. ते काम माझ्याकडे होतं.

तीन वर्षं मी रोज लिहिलं, "चव चांगली." खाली सही.

एकदाही चाखली नाही.

माझी पहिली शाळा घरीच झाली. बाबूजींनी अंगणात बसवून बाराखडी गिरवून घेतली. कोणाच्या घरचं पाणी प्यायचं आणि कोणाच्या घरचं नाही, ते मायने शिकवलं. बाराखडीसाठी मार खाल्ला. दुसऱ्यासाठी कधी मारावं लागलं नाही.

बिरजाबाईला मी कधी "नको" म्हटलं नाही. उपास आहे, म्हणायची. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी.

"मॅडम," ती पळी पुढे करून म्हणायची, "तुमच्या कॅलेंडरात जेवाचा दिवस कोनता हाय? लाल रंगाचा असन."

मुलं हसायची. मीही हसायची. मग वर्गाचं दार लोटून पोळीचा डबा खायची. त्या वर्गाची खिडकी चुलीकडेच उघडायची.

गोंदियाला एका प्रशिक्षणात मला बोलायला लावलं. भाषा शिकायची तर त्या माणसांत मिसळावं लागतं, असं मी सांगितलं. टाळ्या झाल्या. परत आल्यावर बिरजाबाईने विचारलं, "माहं नाव घेतलं का?"

घेतलं होतं. दिवसभर ती खूश होती.

२०११ ला माझी बदली झाली. शेवटच्या दिवशी तिने माझा रिकामा डबा मागून घेतला. राखेने धुतला, दोनदा, माझ्यासमोर. त्यात खिचडी भरली.

"तुमचाच डबा हाय," म्हणाली. "घरी जाऊन खा. उपास सुटल्यावर."

तिला सगळं माहीत होतं. तरी तिने माझ्यासाठी वाट काढली होती.

स्टेशनबाहेर मोहाच्या झाडाखाली मी तो डबा रिकामा केला. एक कुत्रं आलं, त्याने खाल्लं.

संध्याकाळी तिचा फोन. "कसी होती?"

"चांगली," मी म्हटलं. गोंडीत म्हटलं.

मागच्या आठवड्यात तिच्या मुलीचा, सरिताचा फोन आला. आता त्याच चुलीवर ती असते. माझी जुनी पोस्ट कोणीतरी तिला दाखवली होती.

"मायबद्दल चांगलं लिहिलं जी, मॅडम."

मग म्हणाली,

"पन माय तं म्हने, मॅडमनं कधी चाखलीच नाही. मायच्या ध्यानात राहिलं नसन."

तिने आईला खोटं ठरवलं. मला नाही.

मी "हो ना" असं काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. त्या रात्रीपासून हे लिहिते आहे आणि खोडते आहे.

सरिता, तुझी आई खरं सांगत होती. तिच्या ध्यानात सगळं होतं.

रजिस्टरातल्या त्या सह्या आता बदलता येणार नाहीत. तुझ्या आईकडून शिकलेले शब्द मी अजून वापरते, त्याचीही लाज वाटते. पण ते शब्द टाकून दिले तर तिचं काहीच उरणार नाही माझ्याकडे.

माझ्या मायला काल सांगितलं, मी कुठे जाणार आहे आणि काय खाणार आहे ते. ती उठून आत गेली. अजून बोललेली नाही.

रजा टाकली आहे. डबा आणणार नाही. मुलांच्या पंगतीत बसेन, तू वाढशील ते खाईन.

सेवा जोहार, बिरजाबाई. पोरगी उशिरा येते आहे.

येत्या सोमवारी, तेरा तारखेला, मधल्या सुट्टीत.