पंखाखालचे पाय

सुगंधा घाणेकरला विमलचा हेवा वाटू लागला तो त्र्याहत्तर सालच्या पावसाळ्यानंतर, आणि अजून तो काही थांबलेला नाही. मधल्या काळात दोघींची लग्नं झाली, मुलं झाली, दोघींच्या गुडघ्यांचं वाटोळं झालं. हेवा मात्र जसाच्या तसा, धडधाकट.

बुधवारी सकाळी इंद्रलोक वसाहतीतल्या आपल्या घरात सुगंधाबाई मेथी निवडत बसल्या होत्या, तेव्हा खाडीकाठच्या राई गावाहून विमलचा फोन आला.

"अगो सुगंधा, मना म्युझियमवाल्यांनी बोलावलाय. जुन्या विमानांचा म्युझियम हाय. आपल्या क्लबातलं एक विमान ठेवलंय तिथं, आणि माझा फोटो! भिंतीएवढा! रविवारी रोहित गाडी काढतोय. तू पण चल ना सोबतीला."

सोबतीला! म्हणजे बोलावणं विमलला आणि सुगंधाबाई कशा, तर पाण्याच्या बाटलीसारख्या.

"बघते," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि लगेच निळी नारायणपेठ इस्त्रीला काढली. सून रुचिता म्हणाली, "आई, नसेल जायचं तर नका ना जाऊ."

"जायचं नाही असं कोण म्हणालं?"

आता हे विमानाचं काय प्रकरण ते सांगायला हवं. शिकाऊ वैमानिकांची ती छोटी दोन माणसांची विमानं असत, त्यांच्या पंखांवर पत्रा नसे, कापड असे. आत लाकडी बरगड्या, वर ताणून बसवलेलं कापड, आणि ते कापड एकेका बरगडीला हातानं शिवलेलं. मुंबईतल्या एका फ्लाइंग क्लबाच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, हे काम या दोघी करायच्या. पंख उभा करून ठेवायचा. एकीनं या बाजूला उभं राहायचं, दुसरीनं त्या बाजूला. हातभर लांब सुई, मेण लावलेला दोरा. हिनं सुई आरपार घालायची, तिनं ती पलीकडून ओढून बरगडीच्या दुसऱ्या अंगानं परत द्यायची. मग हिनं गाठ मारायची. अशा गाठी एका पंखाला शेकड्यांनी. एक जरी ढिली राहिली, तरी वर आभाळात कापड फुगणार आणि खाली कोणाच्या तरी घरी रडारड.

गाठीच्या बाजूला कोण, हे पहिल्याच दिवशी ठरलं. सुगंधा रत्नागिरीहून शिवणाचा डिप्लोमा घेऊन आलेली, पहिल्या वर्गात पास. विमल चौथी शिकलेली. हँगरच्या मिस्त्रींनी दोघींच्या हातात दोरा दिला, गाठ दाखवली आणि म्हणाले, मारा. सुगंधाची गाठ सुबक दिसली, पण मिस्त्रींनी अंगठ्यानं रेटताच सरकली. विमलची जागची हलली नाही. हलणार कशी? बाप खाडीवर जाळी विणणारा. ती गाठ ती परकर घालायच्या वयापासून मारत आली होती. मिस्त्रींनी डिप्लोमाला पंखाच्या मागे धाडलं. एकोणीस वर्षं डिप्लोमा तिथेच उभा राहिला.

रविवारी चार तासांच्या प्रवासानंतर विमलचा मुलगा रोहित याने गाडी एका ओसाड माळावर नेली. कधी काळी बांधलेली धावपट्टी, तिच्या भेगांतून गवत, आणि कडेला तीन मोठी हँगरं. आत पाऊल टाकताच डोपचा वास आला. कापड ताठ व्हावं म्हणून वरून लावायचं ते रसायन, पिकल्या केळ्यांसारख्या वासाचं. सुगंधाबाईंनी तो छाती भरून ओढून घेतला. त्या वासासाठी आपल्याला इतकं वाटेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

विमान पिवळं होतं, आठवणीतल्यापेक्षा लहान. आणि मागच्या भिंतीवर तो फोटो. उभा पंख, त्याच्यापुढे चोवीस वर्षांची विमल, हातात सुई, तोंडभर हसू. खाली पाटी: 'विमलाबाई भोईर, विमानाचे पंख शिवताना.'

आणि पंखाच्या खालच्या कडेशी, मागून दिसणारे दोन पाय. उजव्या चपलेचा पट्टा सेफ्टी पिनेनं अडकवलेला.

सुगंधाबाईंनी ती पीन ओळखली.

तेवढ्यात म्युझियम सांभाळणारा कौस्तुभ धावत आला, विमलच्या पाया पडला, शाल, नारळ, सगळं झालं. मग त्यानं विचारलं, "आणि या मावशी?"

"ही सुगंधा," विमल कौतुकानं म्हणाली. "फोटोत हाय ना ती पण. ते काय तिचे पाय!"

भोवतीची माणसं हसली. विमलच्या मनात खोट नव्हती, हे सुगंधाबाईंना ठाऊक होतं. म्हणून तर जास्त झोंबलं. मुद्दाम टोचली असती तर भांडता तरी आलं असतं.

"नावाची पाटी हिचीच का फक्त?" त्यांनी थेट विचारलं. लाजत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हे.

कौस्तुभ ओशाळला. "मावशी, फोटोच्या मागे एकच नाव लिहिलेलं होतं. आणि तुम्ही नक्की काय करायचात?"

"सुई परत द्यायचे."

"अच्छा," तो म्हणाला. त्या 'अच्छा'त सगळं आलं.

पाहुण्यांना दाखवायला त्यानं एक पंख कापड ताणून उभा करून ठेवला होता. विमल पुढे उभी राहिली, मागे स्वतः कौस्तुभ. सुगंधाबाई खुर्चीत. सुई गेली, परत आली ती बरगडीपासून बोटभर दूर. "अरं, इथं न्हाय, बरगडीला चिकटून दे!" पुन्हा गेली, पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. विमल सवयीनं कापडावर टिचकी मारत होती आणि कौस्तुभला वाटत होतं, आजी वैतागून कापड वाजवतायत. ती टिचकी म्हणजे 'इथे दे'. सुगंधाबाई कधीच डोळ्यांनी बघत नसत. बोटांना कळायचं.

चौथ्या चुकीला त्यांना जे सुख झालं, ते नातवाच्या बारशालाही झालं नव्हतं.

"सुगंधा, ये गो," विमल घाम पुसत म्हणाली. "याच्यानं न्हाय व्हायचं."

"येते. पण गाठीच्या बाजूला मी."

"तुझी गाठ सरकते."

"सरकू दे. विमान काही उडणार नाहीये."

विमलनं सुई त्यांच्या हातात दिली आणि ती मागे गेली. सुगंधाबाईंनी सुई घातली. परत आली ती तीन बोटं दूर. पुढची तर बरगडीच सोडून.

"अगो, टिचकी मार ना! मना काय कळतंय कुठं दिऊ ती?"

"मारली ना!"

"ऐकू न्हाय आली!" मग पंखामागून विमलचा वेगळाच आवाज आला. "इथून काय एक दिसत न्हाय गो. एकोणीस वर्सां तू असं आंधळ्यावानी काम करत व्हतीस?"

"मग? तुला काय वाटलं?"

"मना वाटलं, सुई कुनी पन देतं."

सुगंधाबाईंनी मारलेली गाठ अंगठ्यानं दाबून पाहिली. सरकली. मेली अजून सरकतच होती. बावन्न वर्षांत एवढं काही बदललं नव्हतं. पंखाला वळसा घालून आपल्या जुन्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. विमल पुढे गेली. टिचकी, सुई, टिचकी, सुई. एक अख्खी बरगडी शिवून झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कौस्तुभनं कॅमेरा काढला आणि व्हायचं तेच झालं, तो विमलसमोर जाऊन उभा राहिला.

"ए बाळा," पंखामागून आवाज आला. "इकडून काढ. आणि पाटीवर माझं नाव घाल. सुगंधा घाणेकर. घ ला काना विसरू नकोस."

"घाल रे घाल," विमल पुढून ओरडली. "तिच्यावाचून माझी गाठ कशाला बसणार व्हती?"

पंधरा दिवसांनी कौस्तुभनं मोबाइलवर फोटो धाडला. भिंतीवर आता दोन तसबिरी शेजारी शेजारी, खाली एकच पाटी, दोन नावं. दुसऱ्या तसबिरीत निळ्या नारायणपेठेत सुगंधाबाई, हातात सुई, कपाळाला आठी. आणि पंखाखाली मागून दिसणारे दोन पाय, विमलचे.

"झालं ना मनासारखं?" रुचितानं विचारलं.

सुगंधाबाईंनी चष्मा चढवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"टाचा बघ तिच्या," त्या म्हणाल्या. "पंच्याहत्तरी गाठली, जन्म खाडीच्या चिखलात गेला, आणि एक भेग नाही मेलीच्या पायाला."