हळदीच्या पाळीचा शनिवार

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. देवाला ठाऊकच आहे म्हणत प्रार्थनेतही मी ते गिळत आले — तुम्हाला सांगतेय.

कुरुंद्यात आमची चारच ख्रिस्ती घरं. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, पाळायचो शनिवारी. शुक्रवारी दिवस मावळला की काम बंद — आपलंच नव्हे, गड्याचं, बैलाचं, दाराशी आलेल्या परक्याचंही. सभा आमच्या घरी भरायची. माझे मालक ती चालवायचे. त्यांच्या बायकोवर कोण संशय घेणार?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हळद शिजवायची कढई गावात पाळीनं फिरायची, आणि त्या साली आमची पाळी आली नेमकी शनिवारी. मालक म्हणाले, पाळी सोडू, सगळ्यांच्या मागून शिजवू. तोवर काढलेली हळद टिकेल? — मला धीर निघेना. शेजारची सलमा माझी जिवाभावाची. तिला म्हटलं, आम्ही सभेत असू तेवढ्यात घरामागच्या मळ्यात तू शिजवून घे. एकटीला जमायचं न्हाई, दुसरं माणूस लागतंय, असं ती म्हणाली. दुसरं माणूस म्हणजे दुसरं तोंड. मी नको म्हटलं.

एकटीनं हळद उपसताना उकळतं पाणी तिच्या उजव्या हातावर आलं. पार कोपरापर्यंत.

सभा सुटल्यावर मालकांनी तिला विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून केलंस? तिनं माझ्याकडं पाहिलं. मीच आधी बोलले, "म्या कुठं सांगितलं? हिनंच आपल्या मनानं केलं."

"व्हय भाऊ," सलमा म्हणाली, "माझंच चुकलं."

पुढच्या शनिवारी सभेत मालकांनी तिच्या चुकीसाठी देवाकडं क्षमा मागितली, आणि मी — मी आमेन म्हटलं. तिची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. काही वर्षांनी ती वारली, खरं काय ते कुणाला न सांगता.

एवढंच असतं तर कदाचित कधीतरी बोललेही असते. पण अजून एक आहे.

त्या हळदीच्या शनिवारी सभेत गीत चाललं होतं तेव्हा मळ्यातून किंकाळी आली. मालकांनी गाणं थांबवून विचारलं, कोण ओरडलं? मी आवाज ओळखला होता. "कुणी न्हाई, पोरं खेळून राहिलीत," मी म्हणाले, आणि पुढचं कडवं मीच मोठ्यानं धरलं. मधे तिनं पुन्हा हाक मारली. माझं नाव घेऊन.

मी गीत शेवटपर्यंत म्हटलं.