एकच हाक

सुशीलाबाई हाक मारायच्या ती एकदाच, आणि तीही इतकी हळू, की शेजारची कोंबडी कलकलली तरी विरून जावी. जुन्नरच्या आमच्या आळीत बाकीच्या आया पोरांना बोलावताना अख्खी गल्ली डोक्यावर घेत. बाई उंबऱ्यात येऊन "शमू" एवढंच म्हणत, आणि त्यांचा शमुवेल, कुठंही असो, "ओ" देऊन पळत येई. आम्हाला ती जादू वाटायची.

बाई प्राथमिक शाळेत शिकवत. नवरा लवकर गेलेला, शमू एकुलता एक. दर रविवारी चर्चच्या अंगणात त्या मुलांना बायबलच्या गोष्टी सांगत. आम्ही बौद्ध, घरी वंदना व्हायची. पण मी खेळासाठी तिथं जायचे, आणि आईनं कुरकुर केली की वडील म्हणायचे, "जाऊ दे तिला. बाई काय वंगाळ शिकवत न्हाईत."

खेळ असा. एकाच्या डोळ्यांवर जुन्या लुगड्याची पट्टी. अंगणात विटा, चपला आणि पाण्यानं भरलेली घमेली मांडलेली. बाकीच्यांनी चहूकडून ओरडायचं, "इकडं ये, इकडं पेरू हाय!" त्या कालव्यात बाई कुठूनतरी एकदाच हळू नाव घेत. ऐकू आलं की "ओ" द्यायचं आणि त्या दिशेनं चालायचं. चुकलं की पाय घमेल्यात. मग ओल्या पायांनी गोष्ट ऐकायची. एलीया नावाचा संदेष्टा डोंगरावर देवाची वाट बघतो. वादळ येतं, भूकंप होतो, आग लागते, पण देव त्यात नसतो. तो येतो नंतर, बारीक आवाजात.

"मोठ्यांदा वरडणाऱ्याला तुमच्याकडनं कायतरी पायजे असतं," बाई म्हणत. "बारीक आवाज वळखायला शिका, म्हंजे निवडताना फसायचं न्हाई."

मी एकदा विचारलं, "आणि ऐकूच नाही आला तर? परत हाक मारा की, बाई."

"न्हाई बाळा. ज्याला यायचंय त्याला एक पुरती."

शमू या खेळात कधी चुकला नाही.

नव्वदीच्या अखेरीस, बारावी झाल्या झाल्या, त्याच्या डोक्यात सुरत शिरली. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात भेटलेल्या एका ट्रकवाल्यानं तिकडच्या कामाचं गाजर दाखवलं होतं. बाईंना त्याला मास्तर करायचं होतं. मायलेकांचं बोलणं बंद झालं आणि एका सकाळी तो बॅग उचलून निघाला. जरा वेळानं बाई आमच्या दारात आल्या. "मंगल, चल गं माझ्यासंगं स्टँडवर. एकटीनं जाववत न्हाई."

नारायणगावची एसटी इंजिन सुरू करून उभी होती. शमू मागच्या खिडकीशी बसला होता. जीपवाले गळा काढून गिऱ्हाईक बोलावत होते. धुरामुळं बाईंनी तोंडावर पदर धरलेला. मी त्यांना खेटून उभी होते, म्हणून मला तरी ऐकू आलं. "शमू." एकदाच, अंगणातल्यासारखं हळू. गाडी हलली.

"बाई, मोठ्यानं मारा ना!" मी त्यांचा हात ओढला.

त्या जागच्या हलल्या नाहीत. "ऐकली त्यानं," म्हणाल्या.

पुढं तो गावाकडं फिरकला नाही. कुणी सुरतेहून आलं की तो बरा असल्याचं सांगे, तेवढंच. बाईंनी रविवारचा खेळ चालू ठेवला, पण हाक मारायचं काम माझ्याकडं दिलं. स्वतः भिंतीशी बसत आणि स्टँडकडून हॉर्न वाजला की गोष्ट अर्ध्यात टाकून फाटकाकडं बघत. मी पुढं नोकरीला लागले, तरी भेट झाली की तेच.

"तू ऐकलीवतीस ना गं?"

"ऐकली होती, बाई."

"मग त्यालाबी आली असंल." आणि पुढं त्याच विचारत, "आली असून गेला, का आलीच न्हाई?"

यातलं कुठलं सोसेल, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. खरं सांगते, मला त्या घरात जायची भीती वाटू लागली होती. तिथं बसलं की आपणही कुठल्यातरी "ओ"साठी कान टवकारून बसायचो.

एका हिवाळ्यात बाई गेल्या. माती झाली आणि त्यानंतर शमू आला. कानशिलं पांढरी झालेली. मी चर्चच्या अंगणात होते, तो सरळ माझ्याकडं आला.

"मंगल, तू व्हतीस ना त्या दिवशी? मी खिडकीतनं बगत व्हतो. आई त्वांडाला पदर लावून नुसती हुबी. म्हनलं, एक हाक मारू दे, उतरतो. बॅग मांडीवरच व्हती. न्हाई मारली तिनं. मग बोलावल्याबिगर कसं यायचं? का मारली व्हती?"

नाही म्हटलं असतं तर तो आईवर रुसून, पण हलक्या मनानं परत गेला असता. त्या क्षणी मला तेच शहाणपणाचं वाटलं. पण मग भिंतीशी फाटकाकडं बघत बसलेल्या बाई दिसल्या.

"मारली होती," मी म्हटलं. "एकदाच."

कशी, ते त्यानं विचारलं नाही. तो मटकन भिंतीशी बसला, बाई बसायच्या त्याच जागी. रस्त्यावरून एक जीप ओरडत गेली.

"तशीच मार," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

कसंबसं, हळू, मी म्हटलं, "शमू."

"ओ," तो म्हणाला. "आलो, आई."