वहिनींना दिलेलं झाड

अमेरिकेला निघायच्या दिवशी सासूबाईंनी तुळशीच्या मंजिऱ्या चुरून बी काढलं, रुमालाच्या कोपऱ्यात बांधलं आणि गाठ मारून माझ्या नवऱ्याच्या, सुधीरच्या हातात दिलं. मी त्याच्या शेजारीच उभी होते. माझे हात रिकामे होते. सासूबाई म्हणाल्या, "शैलाच्याच हातात दे नेऊन. हिच्याकडे नको देऊस. हिच्या हाताला काही लागत नाही."

मिरजेचं घर, एक्याऐंशी सालचा ऑगस्ट. दारात टॅक्सी उभी होती, आळीतली दहा माणसं निरोपाला जमली होती. आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. सासूबाई तुळशीबद्दल बोलत नव्हत्या हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. माझे वडील खाली वाकून चपला शोधायला लागले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

आई स्टेशनपर्यंत टॅक्सीत माझ्याजवळ बसली होती. ती म्हणाली, "तिकडे गेलीस की विसरशील बघ. माणूस लांब गेलं की बोलणी मागे राहतात." मागे राहणाऱ्यांना असंच वाटतं. पण माझ्यासारखे जे निघाले त्यांना माहीत आहे, बोलणी बॅगेत सगळ्यांत आधी भरली जातात. लोणच्याची बरणी कस्टमवाले काढून घेतात, बोलणी काही काढून घेत नाहीत.

आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला उतरलो ते माझ्या मोठ्या दिरांच्या घरी. ते डॉक्टर, आमची स्पॉन्सरशिप त्यांचीच. शैलावहिनी म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ. अकरा महिने आम्ही त्यांच्या तळघरात राहिलो. वहिनींनी त्या बियांची तुळस केली. स्वयंपाकघरातल्या खिडकीत, खाली रेडिएटर, वर काचेतून येणारं ऊन. बाहेर गुडघाभर बर्फ असायचा आणि आत तुळस कशी डवरलेली! त्या तुळशीचं कौतुक गावातल्या सगळ्या मराठी घरांत होतं. मी भाजी चिरायची, भांडी लावायची, पण तुळशीला पाणी घालायला गेले की वहिनी हसून म्हणायच्या, "नीला, तू राहू दे हं. आईंनी बजावलंय ना!" चार बायका असल्या की मुद्दाम मोठ्याने. बायका विचारायच्या, काय बजावलंय? मग ती गोष्ट सांगितली जायची. त्यांच्या मनात विष होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना गोष्ट सांगायला आवडायचं आणि गोष्ट माझी होती.

त्या तळघरात असतानाच तिसऱ्यांदाही तसंच झालं. हेही लिहिलं पाहिजे की वहिनींनीच मला हॉस्पिटलात नेलं, स्वतः ड्राइव्ह करून. माझा हात धरून बसल्या. घरी आल्यावर मऊ खिचडी केली. आणि त्याच संध्याकाळी जिन्याच्या वर फोनवर कुणाला तरी म्हणाल्या, "आई म्हणत होत्या ते काही खोटं नाही गं." खाली अंथरुणावर मला प्रत्येक अक्षर ऐकू आलं. त्या दिवशी मी डूख धरला. नाग डूख धरतो म्हणतात ते खरं की खोटं मला माहीत नाही, पण बाई धरते.

त्र्याऐंशीत आम्ही आमचं छोटं घर घेतलं. शेजारी मिसेस नोवाक राहायच्या. सत्तरीच्या, एकट्या, तोंडाने फटकळ. त्यांच्या मागच्या अंगणात लाकडी फळ्यांवर वीतभर उंचीची झाडं ओळीने मांडलेली असत. उथळ कुंड्यांत, पण खोडं अशी की शंभर वर्षांची वाटावीत. त्यांचा नवरा सैन्यात असताना जपानला होता, तिथून तो हा बोन्सायचा नाद घेऊन आला आणि जाताना बायकोच्या गळ्यात घालून गेला. मी कुंपणाशी उभी राहून बघत राहायचे. एक दिवस त्यांनी मला एक लहानसं जुनिपर दिलं. सुईसारख्या हिरव्या पानांचं काटक झुडूप ते. मी त्याला हात लावायलाही घाबरत होते.

नोव्हेंबरात थंडी पडायला लागली तशी मी ते झाड उचलून आत आणलं. आपल्यातली कुठलीही बाई हेच करेल. तुळस आत घ्यायची, कढीपत्ता आत घ्यायचा, तसं हेही. रेडिएटरजवळच्या खिडकीत ठेवलं, रोज पाणी घातलं. मार्चमध्ये ते तांबूस झालं आणि बोट लावलं की पानं गळायला लागली. मी ते घेऊन मिसेस नोवाककडे गेले आणि दारातच रडले. म्हटलं, माझ्या हाताला काही लागत नाही. त्यांना ते इंग्रजीत सांगताना माझी पंचाईत झाली. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "यू केप्ट इट इनसाइड?" मी हो म्हटलं. "हनी, दीज आर ट्रीज. नॉट फर्निचर. इट नीडेड टू स्लीप, अँड यू केप्ट द लाइट्स ऑन."

मग त्यांनी मला सगळं शिकवलं. ही झाडं थंडीतलीच. त्यांना चार महिने झोप लागते, ती ऊब मिळाली की मोडते आणि झाड जागच्या जागी थकून मरतं. नोव्हेंबरात गराजच्या उत्तरेच्या भिंतीलगत खड्डे करायचे, जिथे वारा येत नाही आणि दुपारचं ऊनही पोचत नाही. कुंड्या काठापर्यंत मातीत पुरायच्या. वर पाइनच्या सालींचा ढीग करायचा. उंदीर खोड कुरतडू नयेत म्हणून जाळी लावायची. आणि बर्फ पडला की तो झाडायचा नाही, बर्फ म्हणजे त्यांची गोधडी. मुळात झाडाने मरायचं कारण माझा हात नव्हता. कारण एवढंच होतं की मला कुणी सांगितलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला मिरजेहून इथवर यावं लागलं.

चौऱ्याऐंशीच्या वसंतात नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात टाकलेलं एक वेडंवाकडं जुनिपर मी आणलं. पाच उन्हाळे त्याच्यावर घालवले. फांद्यांना तार गुंडाळून वळण दिलं, तार रुतायच्या आत काढली, मुळं छाटली, पुन्हा लावलं. चार हिवाळे ते बर्फाखाली गेलं आणि चारही वेळा एप्रिलमध्ये वर आलं. तेव्हा माझ्याकडे एकूण अकरा झाडं होती, पण हे माझं होतं. उजवीकडे झुकलेलं, वाऱ्याला पाठ देऊन उभं असल्यासारखं. मूल नंतरही झालं नाही. त्याचा आणि हाताचा काही संबंध नाही हे मला डॉक्टरांनी समजावलं होतं. पटलं मात्र त्या झाडामुळे.

अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरात दिरांच्या नव्या मोठ्या घराची वास्तुशांत होती. वहिनींनी आधीच फोन करून सांगितलं होतं, "अगं, मला साड्या-बिड्या काही नको हं. तुझं ते वाकडं झाड दे. लिव्हिंग रूममध्ये काय दिसेल!"

लिव्हिंग रूममध्ये. हा शब्द ऐकला आणि माझ्या मनात सगळं लख्ख झालं. मी म्हटलं, "देते ना, वहिनी."

स्वतः नेऊन दिलं. त्यांनी विचारलं, "काही विशेष काळजी घ्यायची का गं?" मी म्हटलं, "पाणी घाला. वाळू देऊ नका." दोन्ही खरं होतं. तिसरं वाक्य मी बोलले नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि मला सांगायला लाज वाटत नाही की परतताना गाडीत मी गाणं गुणगुणत होते. नोव्हेंबरात माझी दहा झाडं मातीत पुरताना सुधीर फावडं धरून उभा होता. त्याने विचारलं, "वहिनीला सांगितलंस ना, बाहेर ठेवायचं म्हणून?" मी म्हटलं, "सांगितलं."

जानेवारीत त्यांच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. पंचवीस-तीस बायका, वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे, आणि मधोमध टेबलावर माझं झाड. हिरवंगार. वहिनींनी त्याच्या कुंडीला हळदीकुंकू लावलं होतं आणि ते रेडिएटरच्या अगदी जवळ सरकवलं होतं. बायका वाकून वाकून बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, "नीला तर तिची झाडं बाहेर बर्फात गाडते म्हणे!" सगळ्या हसल्या. वहिनी झाडावरून हात फिरवत म्हणाल्या, "नाही बाई, मी नाही तसं करणार. एवढ्या थंडीत लेकराला कुणी बाहेर ठेवतं का?"

जुनिपरची एक खोड आहे. ते मेलं तरी कित्येक आठवडे हिरवंच दिसतं. बायका पानसुपारीकडे वळल्या तेव्हा मी खोडावर नखाने हळूच ओरखडा काढला. सालीखाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत. खाली कोरडं तपकिरी होतं. मी आणखी खाली ओरखडा काढला. तिथेही तपकिरी. इतक्यात वहिनींनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड बोला." मी तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हटलं, "वहिनी, झाड काय सुंदर ठेवलंयत तुम्ही!" त्या लाजल्या. मेलेल्या झाडाचं कौतुक ऐकत मी तिथे दोन तास बसले, आणि तसा गोड तिळगूळ मी पुन्हा कधी खाल्ला नाही.

मार्चमध्ये फोन आला. वहिनींचा आवाज बसलेला होता. "नीला, अगं पानं गळतायत सगळी. मी सगळं केलं गं. रोज पाणी घातलं, खोलीचं हीटिंगसुद्धा वाढवलं. माझ्या हाताला नाही लागलं."

या वाक्याची मी साडेसात वर्षं वाट पाहिली होती. मी म्हटलं, "असतं वहिनी एकेकाच्या हाताला. हिच्या हाताला काही लागत नाही, असं म्हणतात ना?"

मला वाटलं होतं त्या गप्प होतील. त्यांना तळघर आठवेल, मिरज आठवेल, फोनवरचं ते बोलणं आठवेल. त्या म्हणाल्या, "हो ना. असं कोण म्हणायचं गं? ऐकल्यासारखं वाटतंय." त्यांच्या लक्षातच नव्हतं. सूड घ्यायचा तर समोरच्याला निदान उधारी तरी आठवायला हवी! मी रिसीव्हर धरून उभी राहिले आणि मला स्वतःचाच भयंकर राग आला.

आठवड्याने त्या घरी आल्या. झाड कुंडीसकट परत आणलं होतं, टाकवेना म्हणाल्या. दुसऱ्या हातात कागदाची पुडी होती. "तुळशीचं बी आहे. आईंनी दिलेल्या त्याच तुळशीचं. माझी वाळायला लागलीय की काय, मला भीतीच वाटते आता. तुझ्या हाताला गुण आहे. तूच लाव." मी पुडी घेतली. मिरजेच्या दारात जे मला मिळालं नाही ते असं मिळालं, लबाडीने.

त्या गेल्यावर मी गराजमागे बसून ते जुनिपर कुंडीतून काढलं. मुळं सगळी शाबूत होती, कोरडी, कुंडीच्या काठापर्यंत पोचलेली. चार हिवाळे त्याने माझ्यावर भरवसा ठेवला होता. सासूबाईंचं वाक्य खोटं पाडायला मी सात वर्षं धडपडले आणि ते पहिल्यांदा खरं केलं ते मीच. तेव्हा मी रडले. वहिनींसाठी नाही, झाडासाठी.

मे महिन्यात बी पेरलं. तुळस आली. या गोष्टीला आता इतकी वर्षं झाली की सासूबाई नाहीत, मिसेस नोवाक नाहीत, त्यांच्या फळ्या माझ्या अंगणात आहेत. मला कुणी विचारलं, घर म्हणजे काय, तर मागे राहिलेल्यांना पटणार नाही असं उत्तर आहे. आई म्हणायची, घर म्हणजे ऊब. माझ्यासाठी घर म्हणजे नोव्हेंबरातला तो एक दिवस, जेव्हा मी तुळस आत घेते आणि जुनिपर बाहेर पुरते. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं हे मला जिथे न विचारता कळतं, ते माझं घर. थंडीने मला घडवलं वगैरे मी म्हणणार नाही. थंडीत मी काकडलेच.

वहिनी आता फ्लोरिडाला असतात. रविवारी फोन करतात. तिथे काय वाटेल ते उगवतं, पण त्यांच्या घरी एक कुंडी नाही. मध्ये त्यांच्याकडे गेले होते तेव्हा शेजारची एक नवी मुलगी त्यांना मोगऱ्याचं रोप द्यायला आली. वहिनी दोन पावलं मागे सरकल्या, हात मागे घेतले आणि हसत म्हणाल्या, "नको गं बाई, माझ्या हाताला काही लागत नाही." तेच वाक्य. मिरजेच्या दारातून निघून ते माझ्याकडे आलं होतं, आता त्यांच्याकडे राहायला गेलं आहे. मी समोर बसून चहा पीत होते. इतक्या वर्षांनीही मला ते ऐकून बरं वाटलं. मग रोप परत गेलं, आणि तितकंसं बरं वाटेना.

हे छापून येईल तेव्हा वहिनी वाचतील. मराठी म्हणून जे हाताला लागेल ते त्या वाचतात. माफी मी मागत नाही, कारण जिन्यावरच्या त्या फोनबद्दल त्यांनीही कधी मागितली नाही. फक्त त्या दिवशी राहिलेलं तिसरं वाक्य सांगते. वहिनी, ते झाड बाहेर ठेवायचं होतं. तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही.